चपलांजवळची जागा

सर,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, राग आला. माझं काही बरं झालेलं बघायच्या आधीच तुम्ही सुटलात. आता परदेशातल्या परिषदेत माझा पेपर वाचला गेला, म्हणून गेल्या आठवड्यात आपल्या कॉलेजात मी प्रमुख पाहुणी होते. निमित्त तुमच्या नावाच्या नव्या कॉम्प्युटर लॅबचं. "सरांविषयी दोन शब्द बोला," असा फोन आला आणि मी लगेच हो म्हटलं. ते दोन शब्द कित्येक वर्षं तयार होते.

मी मंगळवेढ्याहून एसटीने यायची. पहिल्याच प्रॅक्टिकलला माझा प्रोग्रॅम थांबेना, मशीन अडकलं, आणि तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे आहात. "विहिरीवरची मोटर वाटली का गं? चालू केली की चालूच? ऊठ. दारात बस, चपलांकडं बघ." सगळी लॅब हसते. मी उठते. त्या दिवसापुरतं असेल असं वाटलं होतं, पण तुम्ही वर्षभर मला आत घेतलं नाही. आत एसी, बाहेर सोलापूरचं ऊन आणि चपलांचा वास. तिथेच पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने मी प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवून बघायची, जणू मीच मशीन. माझा कुठे अडकला ते सापडलं, मग आतली पोरं अडलेले प्रोग्रॅम दारात आणून दाखवायची, त्यांच्याही चुका सापडायला लागल्या. आज पीएच.डी.चा विषय तोच आहे: प्रोग्रॅम न चालवता त्यातली चूक कशी ओळखायची. ही सवय कुठून लागली, असं गाइड विचारतात. मी तुमचं नाव घेत नाही. प्रबंधात आभाराच्या पानावर आमच्या एसटीचा कंडक्टरसुद्धा आहे, तुम्ही नाही. मुद्दामच वगळलंय.

तर मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. मोटर, चपला, ऊन. आवाज चढवला नाही. "सरांनी मला शिकवलं नाही, बाहेर बसवलं," असं सरळ म्हणाले. समोरच काकू बसल्या होत्या, तुमचा मुलगाही. आणि सर, टाळ्या पडल्या. प्राचार्य उठून म्हणाले, "याला म्हणतात शिस्त. ही मुलगी त्या दारातच घडली." काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "लई कडक होते गं. पण पोरांच्या भल्यासाठीच की." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी जेवायला थांबले नाही. लॅबच्या दारातल्या ढिगातून माझी चप्पल शोधली आणि स्टँड गाठला.

हे कुठे पाठवायचं नाही, तुमचा फोटो जिथे लावलाय तिथे तर नाहीच. पण एक कबूल करते. त्या भरल्या लॅबमध्ये मी तुमचा अपमान करतेय हे एकाच माणसाला कळलं असतं. त्या दिवशी तुम्ही मला समोर हवे होतात.