गोकुळदासाचे सुके कपडे

सोमवार, २१ ऑक्टोबर १९९६

पोचले एकदाची. सर्वणहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, आणि पेडण्याहून या शिरवाडीला येणारी बस म्हणजे चाकं लावलेलं खोकं. धारगळात रेल्वेची माती टाकतायत, तिथे ताटकळलो. पण उतरले, समुद्र बघितला आणि राग गेला. एवढं पाणी आणि कुणाची मालकी नाही. आमच्याकडे पाटाच्या पाण्यावरून डोकी फुटतात.

किनारा राखण केंद्र म्हणजे दोन खोल्या, होडी ठेवायचा एक मांगर आणि बावटा लावायला खांब. माझ्या खोलीचं जनेल समुद्राकडे उघडतं. मुख्य माणूस शिवदासबाब, आधी आगबोटीवर होते. त्यांनी सगळं फिरवून दाखवलं. होड्या गेल्या किती, आल्या किती ते बघायचं, वारा फिरला की लाल बावटा चढवायचा, कोण बुडालं तर ओढून काढायचं. खडकावर तिसऱ्या, शिंपल्या काढणाऱ्या बायका लाटेत जातात आणि पुरुषांना हात लावू देत नाहीत, म्हणून बाई हवी होती. मी म्हटलं, चिखलात रुतलेला रेडा ओढून काढलाय मी, बाई म्हणजे काय. ते हसले. बरा माणूस वाटला.

पगार नाही. पण खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे आणि डोक्यावर जाऊ नाही. नवरा गेल्यापासून ती मला चुलीला हात लावू देत नव्हती. आता बस म्हणावं चुलीला मिठी मारून.

माझी शाळा चौथीपर्यंत. शिवदासबाब म्हणाले, रोज चार ओळी लिही, हात सुटेल. म्हणून हे.

बुधवार, २३ ऑक्टोबर

शिट्टी, दोरी फेकणं, बुडालेल्याला कुशीवर वळवणं, सगळं शिकले. शिकवणारा महादेव इथलाच, रापणीवर जाळं ओढायला जाणारा. शहाणा आहे पण एक गोष्ट सांगायला सकाळची दुपार करतो.

सरावाला एक बाहुला असतो. त्याला इथे पावणो म्हणतात. त्याला समुद्रात टाकायचा आणि माणूस समजून ओढून आणायचा. जुना पावणो उंदरांनी खाल्ला, एकच पाय उरलाय. रविवारी कारापूर, धारगळकडची नवीन माणसं केंद्र बघायला यायचीत. त्याआधी नवा करायचं काम माझ्याकडे आलं. शेतात बुजगावणी मीच करायचे.

च्याच्या वेळेला एक म्हातारी येते, देवकी. पंच्यात गुंडाळलेलं गाठोडं आणते, आत खमीस आणि पँट, परीटघडी. कालचं नेते, आजचं ठेवते. विचारलं तर कळलं, चतुर्थीनंतर तिच्या मुलाची होडी उलटली. बाकीचे सापडले, गोकुळदास नाही. ती म्हणते तो भिजून येईल, त्याला सुके कपडे लागतील.

महादेवाने सांगितलं, भटजींनी तिला समजावलं होतं. कूड, म्हणजे माणसाचा देह, मिळालं नाही तर दर्भाचं करतात. नारळाचं डोकं, गवताचे हातपाय, आणि अग्नी देतात. मग माणूस सुटतो. ही ऐकत नाही. माझ्या झिलाच्या नावाने कुणी गवताला हात लावायचा नाही, म्हणते, तोवर तो जिता. सगळा वाडा तिचं ऐकतो.

मी म्हटलं, कुणीतरी तोंडावर सांगायला हवं तिला. महादेव दोरी गुंडाळत राहिला.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सांगितलं मी तिला. म्हटलं, मासे त्याला खाऊन मोकळे झाले, तू कपडे कुणाला धुतेस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुला पोर आहे का. मी नाही म्हटलं. तिने गाठोडं माझ्याच हातात दिलं आणि गेली.

शनिवार, २६ ऑक्टोबर

पावणो झाला. धारगळचा पेंढा, वर गोणपाट. सुतळी मिळेना म्हणून माझ्याच जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि मनगटं, कोपर, गुडघे, मान सगळं आवळून बांधलं. डोकं पेंढ्याचं केलं तर पाण्यात खालीच जाई. मग नारळ घातला आणि वरून शिवलं. फर्स्टक्लास तरंगतो.

पण उघडा गोणपाट घाण दिसे. लोक यायचेत. फळीवर गाठोडं होतंच. खमीस घातला, पँट घातली. मापाला बरोबर. तसेही ते कपडे दमट हवेत कुजलेच असते.

शिवदासबाब म्हणाले, अगदी माणूस. महादेवाने बघितलं आणि च्या तशीच टाकून गेला.

रविवार, २७ ऑक्टोबर

माणसं आली. शिवदासबाबांनी त्यांना बावटे दाखवले, होडी दाखवली, केंद्राचं काम सांगितलं. मग पावण्याला लाटेत सोडला आणि मी दोरी घेऊन गेले. ओढून आणला. टाळ्या वाजल्या. वाळूवर निजवून छाती कशी दाबायची ते दाखवत होते, तेवढ्यात देवकी आली.

रडली नाही. कारापूरचा एकजण हसला. ती खाली बसली, पावण्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. नारळ वाजला. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"तूच केलंस गो ह्येका. आता तूच भर."

उठली आणि गेली. नेहमीसारखं गाठोडं ठेवून.

महादेवाला खोदून विचारलं. तो म्हणाला, असं केलेलं कूड त्याच दिवशी आगीत जायला हवं. ठेवलं तर रिकामं राहत नाही. ज्याने केलं त्याच्याकडून भरून घेतं. मी शिवदासबाबांना म्हटलं, जाळून टाकूया, म्हातारीचं मन तरी निवेल. ते म्हणाले, केंद्राची वस्तू आहे, अजून दोन तुकड्या यायच्यात. मीही जास्त बोलले नाही. बोटं दुखेपर्यंत शिवलाय तो मी.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

पावण्याला मांगरात खुंटीला लावलाय. ऊन दिलं तरी ओलाच. खाली पाणी साचतं. आज मी आणि महादेव दोघांनी मिळून उतरवला तेव्हा कुठे उतरला. पेंढा पाणी पितो, दुसरं काय.

मला इथलं पाणी मानवत नाही. हातातलं कडं हात खाली केला की गळून पडतं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

दुसरी तुकडी आली. पाण्याखाली जाऊन माणसाला कसं धरायचं ते दाखवायला मी बुडी मारली. बुडी लागेना. दाबून घेतलं तरी वरच. लाटेने मला उचलून वाळूवर ठेवलं, टोपली ठेवावी तशी. लोक हसले. शिवदासबाब म्हणाले, कमलाक्षीबाय कधी बुडायची नाही. पावण्याला मात्र चौघांनी ओढला.

खोकला लागलाय. आज काहीतरी घशाला टोचलं, ओढून काढलं तर पेंढ्याची काडी. चांगली लांब. शिवताना पेंढ्याचं कूस गेलं असेल नाकात.

देवकी आता मला पेज आणून देते. वर सुंगटांचं, कोळंबीचं लोणचं. समोर बसते.

"जेव गो बाय, पोटभर जेव."

एवढंच बोलते. मी जेवते. भूक जात नाही. जेवण जातं कुठे कळत नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

कळलं कुठे जातं.

सकाळी पेज खाल्ली आणि मांगरात गेले. पावण्याच्या गोणपाटावर तोंडाजवळ शितं लागली होती. मी त्याला तोंड शिवलं नव्हतं. आता तिथे चीर आहे.

सोमवार, ४ नोव्हेंबर

पेंढा उपसून टाकायचा म्हणून कुशीची शिवण उसवली. हात घातला. पेंढा नाही.

गरम आहे आत. आणि धडधडतं.

तशीच शिवली परत. हात धुतला, साबांव संपेपर्यंत धुतला. धुताना मनगटावर बघितलं. आवळल्यासारखे वळ. लुगड्याच्या पट्टीची वीण उमटलीय, काठासकट. कोपरालाही. मानेला हात लावला. तिथेही गाठ आहे, कातडीच्या आत.

बुधवार, ६ नोव्हेंबर

जाळायला गेले. कोण काय म्हणेल ते म्हणो. त्याच्या टाचेला काडी लावली. पँटच्या टोकाखाली धूर झाला आणि माझीच टाच भाजली. खाली बघितलं तर माझ्या पायाला धग, पावण्याचा पाय तसाच. किंचाळले. वाळू टाकली, माझ्या पायावर नव्हे, त्याच्या. तेव्हा विझलं.

महादेव दारात होता. त्याने बघितलं. सगळं बघितलं. म्हटलं, महादेव, मला सर्वणला पोचव. त्याने हात जोडले आणि मागे सरत गेला. माणसाला बघून कुणी असं मागे सरत नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

बसला गेले. वारा होता. रस्त्यावर पाय ठरेनात, कुंपण धरून गेले. बस आली. वर चढायला पाय वाकवला तर मोडला. दुखला नाही. नुसता मोडला, मधेच, गुडघ्याच्या वर. कंडक्टरने बघितलं नाही, पुढच्या पोरीला हात दिला. बस गेली.

सरपटत परत आले. मला वाटलं होतं बरं झालं सुटले जावेच्या हातून. आता तिने चुलीजवळ बसू दिलं तरी —

नाही. चुलीजवळ नको.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

वाड्यावर दिवाळीचा नरकासुर बांधतायत. मोठा, माडाएवढा. पोटात भरायला पेंढा कमी पडतो म्हणून पोरं शिवदासबाबांकडे आली. ते म्हणाले, पावणो न्या, रबराचा नवीन येतोय. रविवारी पहाटे लाथा मारून जाळतील. शिव्या देत जाळतील. तो जळला तर मी —

सांगायला गेले. बोलले. मला ऐकू आलं मी बोलले ते. पायाखाली पेंढी पडावी तसा आवाज. शिवदासबाब म्हणाले, बाय, घसा बसलाय, पड जरा.

देवकी पेज घेऊन आली नाही आज. मी वाट बघितली तिची. तिची.

शनिवार, ९ नोव्हेंबर, सकाळ

खुंटी रिकामी.

तो माझ्या खाटेवर बसला होता. भिजलेला. माझी मनगटं त्याला, जाड, भारा बांधून बांधून झालेली. माझ्या हनुवटीचा तीळ. बाकी देवकीसारखा.

ती आली. पंचा सोडला. अंग पुसलं त्याचं, केस पुसले, सुका खमीस घातला. एकेक बटण. तो म्हणाला, आये, भूक लागली. ती रडली तेव्हा. पहिल्यांदा.

जाताना वाकली माझ्याजवळ. मी खाली पडले होते. तिने माझ्या मानेवरची गाठ चाचपली, नीट आवळली.

"हाडां चांगली होती गो तुझी."

उचललं मला तिने. एका हातात. मांगरात आणून टाकलं, कोपऱ्यात. वही पदरात आहे. पेन्सिल बोटांत राहत नाही. काड्यांत खोचली.

दुपार

फटाके. गोकुळदास आला, गोकुळदास आला. सगळा वाडा नाचतो. शिवदासबाब पेढे वाटतात, केंद्राचं नाव झालं म्हणतात. कमलाक्षी कुठे, कुणीतरी विचारलं. महादेवाचा आवाज — तो म्हणाला, गेली ती आपल्या घरी.

महादेव. तुला माहीत आहे.

संध्याकाळ

ढोल. येतायत. देवकीने सांगितलं त्यांना, पेंढ्याचं एक मांगरात पडलंय, तेच घाला पोटात.

ओरडते आहे. कूस उडतं.

शिवदासबाब म्हणतात, लुगडं कुणी नेसवलं याला, काढा ते. हसतात. अहो मी. मी कमलाक्षी, रेडा ओढलेली. हात लावून बघा, इथे, इथे अजून थोडं गरम —

दार उघडलं. पुढे तो आहे. सुका खमीस. कुणीतरी म्हणतं, गोकुळदास, तू थांब, तू आताच —

"हलकी आसा ती. मीच घेतंय."

आवाज माझा. माझाच आव