कान धरला की बाबा येतात

१ फेब्रुवारी, रविवार
रागिणीच्या शाळेत पालकांचं शिबिर. लेकराच्या अंगाले त्याच्या मर्जीशिवाय कोणी हात लावू नये. शेवटपर्यंत बसलेला बाप मी एकटाच. बार्शीटाकळीचे माझे खुशालकाका दर कार्यक्रमात तंबाखूच्या खर्र्यानं भरलेल्या तोंडानं पोरीचे मुके घेतात. सात वर्षांची पोरगी घरी येऊन साबणानं गाल घासते. आता बस झालं. सिस्टीम ठरवली: नकोसं झालं की रागिणीनं आपला कान धरायचा, मी येणार. येऊन काय करसान, असं प्राजक्तानं विचारलं. बायको आहे, शंका घेणारच.

४ फेब्रुवारी, सकाळी
रिहर्सल. तिनं कान धरला, मी किचनमधून धावलो. सहा सेकंद. चप्पल आडवी आली नसती तं चार. रागिणी लय खूश. दहा वेळा धावायले लावलं.

८ फेब्रुवारी, रविवार
अकोल्याले काकाच्या पोरीचं, मोनालीचं साक्षगंध. काकानं रागिणीले उचललं. तिनं कान धरला. मले दिसलं. पण माझ्या हातात नाश्त्याचा ट्रे होता. ट्रे असला की सिस्टीम लागू नाही, हे तिले नंतर समजावलं. शिबिरवाल्याईनं आधीच सांगायले पाहिजे होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार
काका लग्नाची पत्रिका घेऊन अमरावतीले घरी आले. रागिणी मांडीवर, दोन्ही कान धरून. मी उठलो. पक्का उठलो. काका म्हणे, काहून उठला बे? म्हटलं, पाणी आणतो. आणलं. सुरुवात म्हणून वाईट नाही.
जेवताना रागिणीनं विचारलं, बाबा, तुमी खुशालआबाले भेता काय? म्हटलं, मान ठेवतो. म्हणे, मी आता कान नाही धरणार. पोरगी स्वावलंबी होऊन राहिली.

२० फेब्रुवारी
लग्नात स्पष्ट सांगणार. वाक्य पाठ केलं: काका, तिले विचारून. तीनच शब्द. आरशापुढे दणक्यात निघाले.

२२ फेब्रुवारी, रविवार. बार्शीटाकळी
काका मंडपाच्या दारातच. म्हटलं, काका. पहिला शब्द बरोबर आला. पुढचे यायच्या आत त्याईनं माझेच गाल धरले, छातीशी ओढलं, सगळ्या वऱ्हाड्याईपुढे मुका घेतला. म्हणे, हे पोट्टं लहानपणापासून असंच गुबगुबीत. खर्रा. माझं वय एकोणचाळीस. लहानपणी मीही गाल घासायचो, ते आठवलं. तेव्हा कोणी आलं नव्हतं. हात कानाकडे कधी गेला, समजलं नाही.
रागिणी त्या टोकाले जेवत होती. खुर्च्या ढकलत आली. काकाचा हात ओढून म्हणे, आबा, माझ्या बाबाले विचारलं काय? काकानं सोडलं.
मले लाज वाटली. लय वाटली.
चार सेकंद असतील. तिच्या हातात जिलेबीची प्लेट होती. खाली ठेवून आली.