हिवराखालची जागा

प्रिय अनुसूयाक्का,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहिते, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या भाऊजींची कंबर दुखते ती दुखतेच. हळद काढून झाली, शिजवायची राहिली आहे. फोन सोडून पत्र काहून लिहून राहिली, असं तू म्हणशील. चार वेळा फोन लावला ग. तू 'बोल मंजे' म्हणालीस की मी कुरुंद्यात थंडी किती आहे ते विचारते आणि ठेवून देते. आज दुपारी ग्रामपंचायतीत कुणी नाही, दार लोटून बसले आहे. आज लिहिलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही, हे मला माहीत आहे.

लग्न होऊन आले त्या दिवशी सगळ्यांनी शिकवून ठेवलं होतं, थोरल्या जावेला 'तुमी' म्हणायचं. मी 'तुमी' म्हटलं तर तू चुलीपुढं हसायला लागलीस. म्हणालीस, "मला तुमी म्हनलीस तर भाकर देनार न्हाई. अक्का म्हन." माझी आई मी लहान असतानाच गेली. भाकरी थापायची कशी, सासू म्हणून आत्याबाईंचा राग ओळखायचा कसा, अंगावरचं दुखणं सांगायचं कुणाला, हे सगळं मला तू शिकवलंस. हे आत्ता का लिहिते, ते पुढं येईल.

गायरानाचं मैदान होतंय हे तुला माहीत आहे, पण सगळी हकिकत तुला कधी सांगितली नाही. मी सरपंच झाले तेव्हा त्या गायरानावर दोन डोळे होते. एक हळदीच्या गोदामाचा. गावातली चार वजनदार माणसं म्हणत होती, मोकळी जागा काय कामाची, गोदाम झालं तर गावाचा फायदा. दुसरा डोळा पोरांचा. पोलीस भरतीची पोरं-पोरी पहाटे डोंगरकड्याच्या रस्त्यावर पळतात, तू पाहिली असशील. पेमाची लेक शितल त्यात सगळ्यांत पुढं. मागच्या पावसाळ्यात एका पिकअपनं तिला उडवलं. पायात सळई टाकली. तिची भरती गेली. मी दवाखान्यात भेटायला गेले तर ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "काकू, गावात एक सपाट जागा न्हाई का वो पळायला?" मी घरी येऊन जेवले नाही. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडला की गायरान मोकळंच राहील, त्यावर मैदान होईल, कडेनं झाडं लागतील आणि म्हाताऱ्यांना बसायला ओटे होतील. गोदामवाले चिडले, पण ठराव झाला. पंचायत समितीतून मंजुरी आली. मार्चअखेर काम उभं राहिलं नाही तर मंजुरी जाते आणि गोदाम पुन्हा डोकं वर काढतं. एवढी काठावरची गोष्ट आहे ही.

डिसेंबरात मोजणी झाली. ग्रामसेवक हरीश नावाचा तरुण पोरगा आहे, सरळ माणूस, वाशिमकडचा. त्यानं चुन्याच्या रेषा मारल्या, खुंट्या ठोकल्या. पहिल्या आराखड्यात पळायची वाट शाळेच्या भिंतीकडून हिवराच्या झाडाखालून जात होती आणि ओढ्याकडचं मुरमाचं टेकाड सगळं बाहेर राहत होतं. मी तो कागद कितीदा तरी उलगडून पाहिला. बरं वाटलं.

खुंट्या पडल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून बायका यायला लागल्या. एकेकटी. दुपारी, पुरुष शेतात असताना. कुणी ताक मागायला, कुणी दाखल्याचं विचारायला. निघताना उंबऱ्यापाशी थांबायच्या आणि हळू आवाजात सांगायच्या. पळसापाशी मशीन नका घालू. दोन दगड आहेत, त्यांच्या अलीकडं. बांधाच्या कोपऱ्यात. आपल्याकडं दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात; कुठं पुरतात ते सगळ्या गावाला ठाऊक आणि कुणी बोलत नाही. अकरा बायका आल्या, अक्का. तेवीस वर्षं ज्यांच्याबरोबर मी निंदायला, लग्नाला, मयताला गेले, त्यातल्या अकरा जणींचं काही ना काही तिथं आहे, हे मला सरपंच झाल्यावर कळलं. मी वहीच्या पानावर गायरान काढलं आणि त्यांनी सांगितलेल्या जागांवर टिंबं दिली. पान भरलं. सगळ्या जागा सोडायच्या म्हटल्या तर मैदानाला वीतभर जमीन उरत नव्हती.

तेव्हापासून मी त्या जमिनीवर एकटी जाऊ शकत नाही. पायाखाली कुणी नुकतं झोपवलंय आणि आपल्या चपलांचा आवाज होतोय, असं वाटतं. आणि तरी रोज दुपारी जाते. ओढ्यापासून सरळ वर चढते, एका ठिकाणी येऊन उभी राहते, आणि मग लक्षात येतं की आपण पावलं मोजत आलो.

मग मी महिला ग्रामसभा बोलावली. पुरुषांना बाहेर बसवलं, हरीशलाही. मी विचारलं, काय करायचं? जनकाबाई उठली, ऐंशीच्या पुढची. म्हणाली, "माझी दोन हायेत तिथं. जागा इचारू नको, मला ध्यानात न्हाई. मामंजींनी नेली, मला कुनी दाखवलीच न्हाई. पळू दे पोरांला वरून. लेकरांला लेकराचं वझं हुत न्हाई." बाया पदर तोंडाशी धरून रडल्या. कुणी म्हणालं, पण एक तरी जागा ठेवा, जिथं आमाला फूल टाकता येईल. आणि मग सगळ्यांच्या तोंडून एकदमच तुझं नाव आलं. अनुसूया वर्साला येते. कुरुंद्याहून येते, हिवराखाली दुधाची वाटी ठेवते, एक झबलं ठेवते, घटकाभर बसून जाते. तेवढी एकच जागा गावाला पक्की माहीत आहे. ती ठेवा. आमचं सगळ्यांचं तिथंच. मी अध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसले होते. मी मान हलवली.

हरीशनं आराखडा बदलला. शाळेची भिंत आणि रस्ता हलवता येत नाही, म्हणून हिवर वाचवायचा तर वाट ओढ्याकडं सरकवावी लागली. त्यानं कागद पुढं केला आणि बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, फक्त हे टेकाड काढावं लागेल. चार-पाच फूट मुरूम निघेल, तो भरावाला वापरू." माझा हात अडला. त्याला वाटलं पेन चालत नाही, त्यानं स्वतःचं दिलं. मी सही केली.

आणि मग संक्रांतीनंतर तू आलीस. हिवराभोवती चुन्याचा गोल आखलेला होता, कुणीतरी झेंडू ठेवून गेलं होतं. तू मला विचारलंस, "मंजे, हे काय मारलंय?" मी सांगितलं, मैदान होतंय, पण तुझी जागा गावानं सोडली आहे, तिथं ओटा बांधणार आहोत. माझे दोन्ही हात घेतलेस आणि स्वतःच्या डोळ्यांना लावलेस. थोरली असून. मग पिशवीतून ते हिरवं लुगडं काढलंस. म्हणालीस, "सरपंचीनबाईला मानाचं. माझ्या लेकराला गावात घर दिलंस." ते लुगडं मी अजून घडी मोडून पाहिलेलं नाही.

आता तेवीस वर्षांपूर्वीचं लिहिते. आपण हळदीसाठी आखाड्यावर, शेतातल्या खोपटात, राहायला गेलो होतो. तुझी जाई पाच महिन्यांची होती. दोन रात्री छाती घरघरत होती, तिसऱ्या दिवशी सकाळी कळमनुरीला न्यायला बैलगाडी जुंपली आणि ती गाडीतच गेली. तुझे भाऊजी नांदेडला होते. बाप असून दादा उंबऱ्यात बसले ते उठेनात. तुला आत्याबाईंनी धरून ठेवलं होतं. आखाड्यावर दुसरा पुरुष नाही, म्हणून मामंजी एकटे निघाले आणि मला म्हणाले, "पोरी, मिठाची पिशवी घे आन् मागं ये." बायकांनी जायचं नसतं. मी गेले. थंडीनं माझे हात उकललेले होते आणि त्या खड्यांच्या मिठानं जी आग झाली, ती अजून आहे म्हटलं तरी चालेल. मी आजही हातानं मीठ घेत नाही. पोरं मला हसतात.

पुढचं तुला आठवतं. सहा दिवस तू अन्न घेतलं नाहीस. गायरानात जाऊन हातानं माती उकरायचीस, इथं, मग तिथं, नखांतून रक्त येईपर्यंत. मामंजी सांगेनात. आत्याबाई मला गोठ्यात घेऊन गेल्या. म्हणाल्या, "तिला खरं ठिकान कळलं तर ती लेकरू वर काढंल. मग तीबी जाईल. तिला एक जागा दाखव. कंचीबी. तुझ्यावर तिचा इस्वास हाय." मी एकोणीस वर्षांची होते, अक्का. तू मरशील याची मला इतकी भीती वाटली होती. सातव्या दिवशी मी तुझा हात धरून तुला हिवराखाली नेलं. तू तिथं आडवी झालीस, जमिनीला गाल लावून. संध्याकाळी उठून घरी आलीस आणि अर्धी भाकरी खाल्लीस. आत्याबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, मी तुला वाचवलं. वर्षभरात तू दादांना घेऊन माहेरी कुरुंद्याला राहायला गेलीस. पुढं तुला लेक झाला, तो नोकरीला लागला. दर वर्षी वाटायचं, आता सांगावं. दर वर्षी तू दुधाची वाटी घेऊन उतरायचीस आणि मी तुझ्याबरोबर हिवरापर्यंत चालत यायची. मामंजी गेले, आत्याबाई गेल्या. आता ते ठिकाण जगात मला एकटीला माहीत आहे.

अक्का, जाई हिवराखाली नाही. ती मुरमाच्या टेकाडाच्या पायथ्याशी आहे, ओढ्याकडून सरळ वर, माझ्या पावलांनी बेचाळीस, जिथं जमीन चढायला लागते तिथं. मामंजींनी तिला तुझ्या निळ्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलं होतं. आत्याबाईंनी तो कापून दिला, तुला वाटलं होतं पदर खिळ्याला फाटला. तोंड उघडं ठेवलं होतं शेवटपर्यंत. मी मीठ टाकलं. मामंजी "निज माय, निज" म्हणत माती लोटत होते आणि त्यांना दिसत नव्हतं, म्हणून शेवटची माती मी हातानं सारली. वर तीन दगड ठेवले, त्यातला एक अजून आहे. सोमवारी तिथं जेसीबी येणार आहे, माझ्याच सहीनं. मी हरीशला अजून काही सांगितलेलं नाही. टेकाड वाचवायचं तर वाट पुन्हा हिवराखालून न्यावी लागेल, आणि तिथं आता अकरा जणी फुलं टाकून जातात. एक जागा जाणारच. काय ठेवायचं ते तू ठरव. तू म्हणशील ते मी ग्रामसभेत उभी राहून सगळं खरं सांगून करीन, मग गाव मला सरपंच ठेवो न ठेवो. आणि तू काहीच म्हणाली नाहीस तरी सोमवारी मी मशीनला टेकाडाला हात लावू देणार नाही. क्षमा मागत नाही, तेवढं तोंड मला नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी कुरुंद्याला येते. दार उघडलंस तर तुला जाईपाशी घेऊन जाईन. नाही उघडलंस तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत तुझ्या पायरीवर बसेन, आणि रविवारी पुन्हा येईन.

तुझीच,
मंजू