निळ्या दिव्यांची तक्रार

रविवार, ११ फेब्रुवारी
दुपारचे तीन

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठणठणीत. तुझी खुशाली विचारायचा हक्क मी दोन वर्षं गुंडाळून ठेवला होता, तो आज झटकून बाहेर काढतोय. गुडघा कसा आहे? जिने चढतेस ना?

दुकान बंद केलं. स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरचं निम्मं सामान घराच्या मागच्या खोलीत आलं आणि तुझ्या वहिनीच्या मते उरलेलं निम्मं माझ्या डोक्यात. त्यातूनच नवा नाद लागलाय: आवाजावर नाचणारे दिवे. एक चिमुकला माइक आवाज ऐकतो, काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर त्याची फोड करतो आणि भिंतीवरची एलईडीची पट्टी तशी पेटते. खालचा सूर लाल, मधला हिरवा, वरचा निळा. प्रोग्रॅम मीच लिहिला, व्हिडिओ थांबवत थांबवत, वहीत उतरवून घेत. एक अर्धविराम विसरला की सगळं मुसळ केरात!

गाणं बघायची हौस कशाला, असं विचारशील. हल्ली गाणी बोथट लागायला लागली होती. बासरी असायची तिथे नुसती फुंकर. म्हटलं, रेकॉर्डिंगवाल्यांनी कामात कुचराई चालवलीय.

पहिल्या दिवशी पट्टी वेड्यासारखी लुकलुकली. दिव्यांची आणि मायक्रोकंट्रोलरची निगेटिव्ह तार मी एकत्र जोडलीच नव्हती. आयुष्यभर गिऱ्हाइकांना जे बजावलं तेच विसरलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! मग शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी पिवळट दिसायला लागले. तिथवर पोचेपर्यंत वीज दमत होती. दुसऱ्या टोकालाही तारा दिल्या, सुधारले.

तिसरी तक्रार मात्र चिवट निघाली. गाणं थांबवलं, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता, आणि निळे दिवे आपले पेटलेलेच. माइक बदलला. अडॅप्टर बदलला. कपॅसिटर लावून पाहिला. बारीक आवाजाकडे दुर्लक्ष करायची मर्यादा वाढवली, तर लाल-हिरवे रुसले, निळे ढिम्म. शेवटी वैतागून माइकवर माझा लोकरी मोजा चढवला आणि निळे मंद झाले. तेव्हा मी खुर्चीत बसलो. दोष तारेत असता तर मोज्याने काय फरक पडणार होता? माइक खरंच काहीतरी ऐकत होता.

मग आपली जुनी पद्धत: एकेक वस्तू बंद करत जायची. पंखा बंद केला, निळे चालू. घड्याळाचा सेल काढला, चालू. कोपऱ्यातला मोठा अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि निळे पटकन विझले. सुरू केला, पेटले. दहा वेळा करून पाहिलं.

हो, तोच. दोन वर्षांपूर्वी आपल्या दुकानातून सभागृहाला द्यायचा होता तो. "दादा, बारीक शिट्टी येतेय, पाठवू नकोस," असं तू म्हणाली होतीस, आणि मी त्यांच्या मॅनेजरसमोर म्हणालो होतो, "हिचे कान वाजतात. वय झालं आता." तू सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलंस, पर्स उचललीस आणि गेलीस. आठवड्यात तो परत आला, हे मी तुला कधी कळवलं नाही. टेम्पोत हादरला असेल म्हणालो, त्यांना दुसरा दिला आणि याच्यावर दोन वर्षं मजेत गाणी ऐकली.

वहिनीला हाक मारली. "काही ऐकू येतंय का गं?"

"ती शिट्टी ना? ती तर रोजचीच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझेही कान वाजले असते."



कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी कागदावर उतरत जाणारी रेघ दाखवली. म्हटलं, "म्हणजे खालचे मजले भरलेले, वरचे भाडेकरू गेले." डॉक्टर हसले. कानाचं मशीन पुढच्या महिन्यात येईल. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तोंड पाडून बसलो. मग अ‍ॅम्प्लिफायर उघडला. तू बोट ठेवलं होतंस तोच कपॅसिटर सुकलेला निघाला. बदलला. निळे विझले, वहिनीने मान डोलावली. चिमे, वय झालं होतं ते माझ्या कानांचं. चारचौघांत तुला बोललो, चुकलो.

एवढ्यावर सही करणार होतो. पण परवा शेजारच्या मास्तरीणबाई दिवे बघायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुमची बहीण आली होती ना? चारदा बेल वाजवली बिचारीनं. आत गाणं चालू होतं. मी म्हटलं, माझ्याकडे बसा, तर डोळे पुसत जिना उतरल्या."

वहिनी तेव्हा तिच्या बहिणीकडे गेली होती. एरवी बेलला तीच उठते. आपली बेल तुला ठाऊक आहे, पाखरासारखी चिवचिवणारी. मी बाईंना बाहेर उभं केलं आणि वाजवायला लावली. मला काही नाही. भिंत मात्र निळीशार झाली.

दादाने मुद्दाम दार उघडलं नाही, असंच तू वर्षभर समजून बसली असशील. मला ऐकूच आली नाही गं. ऐकू आली असती तर उघडलं असतं का, हेही स्वतःला विचारलं. कुरकुरलो असतो, पण उघडलं असतं.

पट्टी आता माझ्या खुर्चीसमोर लावलीय. प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्यात: बेलचा सूर आला की दोन मिनिटं सगळी पट्टी निळी. मशीन येईपर्यंत थांबू नकोस. पट्टीचा एक जोड सैल आहे, आणि तुझ्यासारखं सोल्डरिंग मला जन्मात जमलं नाही. ये. बेल वाजव आणि जरा थांब. गुडघे आता माझेही कुरकुरतात, उठायला वेळ लागतो.

पट्टीकडे डोळे लावून बसलेला,
तुझा दादा