छबुबाईचा गुडघा आणि दोन विमे

मु. धर्मापुरी

श्रीयुत साडूबुवा रामहरीराव यांना सुंदररावाचा मनापासून रामराम. तुमची तब्येत, केशरबाईंचं बीपी आणि वडवणीच्या बाजारातली तुमची वट, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक, एक गुडघा सोडून. तो तुमच्या मेहुणीचा, म्हणजे आमच्या छबुबाईचा. डॉक्टर म्हणाले, बदलावाच लागेल, नाहीतर लवकरच उंबरठा ओलांडणंही अवघड होईल. पुरुष माणूस म्हणून मी काही दाखवलं नाही आणि विम्याच्या मागे लागलो.

आधी खाजगी कंपनीचा एजंट विजयसिंह घरी आला. (चहाला नाही म्हणाला नाही, म्हणजे माणूस बरा.) स्वतंत्र खोली, मोठा दवाखाना, आपल्या पसंतीचा डॉक्टर असं तो छान सांगत होता. आता तुम्हाला माहीतच आहे, माझा जन्म म्हशींच्या बाजारात गेला. गिऱ्हाईक दारात आलं की खोड झाकायची आणि चाल दाखवायची, एवढंच मला कळतं. मी छबुबाईला फाटकापासून तुळशीपर्यंत न लंगडता चालायला लावलं. बिचारी ओठ आवळून चालली. त्या भरात मी विजयसिंहाला म्हणालो, "दातबी बघा, सगळे शाबूत हायत!" तो चहा प्यायचा थांबला. छबुबाई मात्र ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मी काय म्हैस हाय व्हय? इकायला काढलंय का मला?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. "त्यांना सांग, ताट वाढलंय" हे ती खरोखरच्या म्हशीला सांगते आणि मी गोठ्यातून ऐकून जेवायला येतो.

विजयसिंहानंच मग समजावलं. म्हणाला, "काका, तुमी इथं इकत न्हाईत, घेताय. दुखणं झाकलं तर कंपनी पुढं पैशे नाकारंल. सांगितलं तर त्या गुडघ्यासाठी दोन-तीन वर्सं थांबावं लागंल." शिवाय हप्ता वयाबरोबर वाढणार आणि बिलाचा काही हिस्सा आपल्याच खिशातून. छबुबाईचा गुडघा काही तीन वर्षं थांबणारा नाही.

म्हणून परळीच्या केंद्रावर सरकारी कार्डासाठी गेलो. सत्तरी ओलांडलेल्याला मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि जुनं दुखणं पहिल्या दिवसापासून चालतं. दवाखाना मात्र त्यांच्या यादीतला, खोली स्वतंत्र नाही, नंबर लागेपर्यंत थांबायचं. तिथल्या मुलीनं आधार कार्ड पाहून भर रांगेत मोठ्यानं विचारलं, "मावशींचं वय एकाहत्तर, काका तुमचं सदुसष्टच?" आमच्या लग्नापासून झाकून ठेवलेली गोष्ट अशी चव्हाट्यावर आली. (तुम्हाला ठाऊक होती, तरी कधी बोलला नाहीत, हे उपकार विसरणार नाही.) मागचा एक म्हातारा फिदीफिदी हसला. छबुबाईनं ताठ मानेनं कॅमेऱ्यात चेहरा दाखवला आणि कार्ड घेतलं. मला मिळालं नाही. मी माझ्यासाठी विजयसिंहाकडचाच विमा घेतोय, साखर आहे हे सांगून. एकाच घरात सरकारी आणि खाजगी, असा आमचा संसार सध्या आहे.

अंबाजोगाईच्या यादीतल्या दवाखान्यानं तारीख दिली आहे. सगळं चांगलं होईल असं मला वाटतं, खरंच वाटतं.

आपला,
सुंदरराव

ता. क. आता मुद्द्याचं. छबुबाईला धीर द्यायला केशरबाईंना आठ दिवस पाठवाल का? ती मनातून फार घाबरली आहे. आणि म्हशीचा प्रकार त्यांना कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. दाजी, मी छबू. ह्ये पाकीट बंद करायच्या आधी मी वाचलं. म्हशीचं अक्काला मी फोनवर कवाच सांगितलंय, ती लई हसली. मी भ्यालेली न्हाई. ह्येच रोज पहाटं गोठ्यात जाऊन रडत्यात, अन् म्हशीच्या अंगावर हात फिरवत म्हणत्यात, ती उठून चालंल ना? अक्का नसली तरी माझं भागंल. दाजी, तुमी या. मी आत असताना ह्यांच्याजवळ कुनीतरी बसाया पायजे.