कुणाच्या मापाचा ओटा

आत्याबाई, सून म्हणून आले नि तुमच्या हाताखाली मी स्वयंपाक शिकले, पण तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. आज बोलते. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. लिहितेय ती माझी सून. शाळेत शिकवते, अक्षर छान आहे म्हणे, मला काय कळतंय. मधूनमधून थांबवून मी तिला वाचून दाखवायला लावते, कारण बोलले तेवढंच लिहिते की पदरचं घालते, ह्याचा भरवसा काय? त्यातून आजची तक्रार तिचीच आहे.

झालं असं, की हिनं स्वयंपाकघर नवं करायला काढलं. तुमच्या डोळ्यांदेखत बसवलेला तो काळ्या कडप्प्याचा ओटा काढायचा आणि पर्यावरणपूरक ओटा बसवायचा. हा शब्द मी आधी हिच्या तोंडून ऐकला, मग लेकाच्या, मग नगरच्या दुकानदाराच्या. तिघं मिळून एकाच बैलाचं कौतुक करायला लागले की आधी बैलाचे दात बघावेत, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून म्हटलं, मीबी येते दुकानात.

दुकानदारानं जुन्या काचांचा चुरा दाबून केलेली एक फरशी पुढं ठेवली. दिसायला देखणी. "आजी, ह्याच्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही," म्हणाला. तुम्ही मडकं घेताना वाजवायचात तशी मी बोटाच्या पेरानं वाजवली. आवाज दगडाचा नाही, काचेचाही नाही.

"चुरा चुऱ्याला धरून राहतो कशानं?" मी विचारलं.

"केमिकल असतं थोडंसं."

"अन् येतो कुठनं?"

"परदेशातून. जहाजानं."

"म्हंजी डोंगर वाचला अन् समुद्रभर धूर केला."

"आई, हळू बोला," सून.

"बरं, तवा ठिवला तर?"

"गरम भांडं थेट नाही ठेवायचं आजी. खाली जाळी ठेवायची."

"अन् हळद सांडली?"

"लगेच पुसायची."

"मंग ओट्यावर ठिवायचं काय, पोथी?"

दुकानदार हसला, ही हसली नाही. पुढं त्यानं बांबूची फळी दाखवली. तिच्यावर पाणी साचू द्यायचं नाही म्हणे. मी नुसतं हिच्याकडं बघितलं. हिला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन दिवसांनी हिच्या कपाटाच्या खणात मला सुतळी सापडली. मी सुई शोधत होते. खरं सांगायचं तर शोधत नव्हते, बघत होते. सुतळीला दोन गाठी, एका टोकापासून एक कमरेएवढ्या अंतरावर, दुसरी गुडघ्याच्या थोडी वर. हे माप कशाचं? स्वयंपाकघराला लागून माझी खोली. स्वयंपाकघर वाढवायचं म्हणजे भिंत पाडणार, आणि मला खाटेसकट पडवीत नेणार. ओटा नुसतं निमित्त. त्या सांजेला मी भाकरी अर्धीच खाल्ली, कुणी विचारतंय का बघायला. उरलेली अर्धी लेकानं खाल्ली.

गेल्या आठवड्यात गवंडी आला. त्यानं जुना कडप्पा उचलून उभा केला. खालची बाजू खडबडीत, पण तडा कुठं नाही. ही म्हणाली, "आई, तुमचंच खरं. लांबून काही आणायला नको. हाच घासून परत बसवू." माझं म्हणणं इतक्या सहज खरं झाल्यावर माझा संशय दुप्पट झाला. मग हिनं ती सुतळी काढली. वरच्या गाठीला शेगडीचा ओटा, हिच्या मापाचा. खालच्या गाठीला खिडकीपाशी एक बुटका ओटा, त्याच कडप्प्याच्या तुकड्याचा.

"ह्यो कुणाला?"

"तुम्हाला. स्टुलावर बसून भाकरी थापता येईल. मागं तुम्ही स्टुलावर मेथी निवडत बसला होतात, तेव्हा कोपरापाशी माप धरलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असता."

"म्हंजी भाकऱ्या मीच थापायच्या व्हय?"

"व्हय," असं माझ्याच सुरात म्हणाली, आणि गवंडी तोंड फिरवून हसला.

आत्याबाई, तेव्हा मला तुमच्या वेळचा गवंडी आठवला. घरात गॅस आला होता. तो हातात सुतळी घेऊन उभा, "वहिनी, ओटा कुणाच्या मापानं धरू?" तुम्ही दाराआड होतात. तुमच्या लुगड्याचा काठ मला दिसत होता. मी पुढं होऊन ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या. त्या आता बसून खातील." तुम्ही ठेंगण्या, ओटा तुमच्या छातीला लागला. एकदा तुम्ही पाटावर उभ्या राहून भाकरी थापायला गेलात, पाट सरकला, पीठ सगळं अंगावर. मी हसले. त्यानंतर तुम्ही कधी काठवटीला हात लावला नाहीत. गल्लीभर सांगत राहिलात, "उभ्यानं रांधलेलं अंगी लागत न्हाई." मी म्हणायचे, म्हातारीला नवं काही बघवत नाही. तुम्ही तुमची लाज झाकत होतात आणि माझीही, हे मला त्या बुटक्या ओट्यापुढं स्टुलावर बसल्यावर कळलं.

आता ही लिहायची थांबली आहे. लिही गं, लिही. तुझ्या नावानं काही बोलत नाही मी.

पाकिटावर पत्ता काय घालू, असं विचारतेय. काही घालू नको म्हटलं, पिठाच्या डब्याखाली राहू दे. ओटा बरा झालाय, हे मी हिला अजून सांगितलेलं नाही. जरा खालीच झालाय, एवढंच म्हणाले. आणि आत्याबाई, ती सुतळी हरवली म्हणून ही काल घरभर शोधत होती. उंदरानं नेली असंल, मी म्हणाले. ती माझ्या बटव्यात आहे. आता लिहिता लिहिता हिलाही कळलंच.