ट्रेलर घरी आणला तो दिवस

मुलुंड, १२ ऑक्टोबर १९८६

चि. शकु,

काल हे घराचा रस्ता चुकले, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या भावोजींनी अंधेरीच्या कारखान्यातून बनवून घेतलेला ट्रेलर तयार झाला. आत दोन बाकं, स्टोव्ह, पाण्याची टाकी. काम नीटनेटकं आहे. दिवाळीनंतर तो जीपला जोडून चार महिने ओरिसा, आसाम फिरायचा बेत तुला ठाऊकच आहे.

काल तो घरी आणताना आमची गल्ली मागे पडली. मला वाटलं, वळायला जागा बघताहेत. थेट जकात नाक्यावर थांबून त्यांनी शिपायाला विचारलं, "मुलुंड कुठे आलं हो?"

तो हसला. "काका, मुलुंडातच उभे आहात ना."

वीस वर्षं राहतो इथे. मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर म्हटलं, बेत रद्द करू. ते म्हणाले, "कमळ, रस्ते आठवताहेत तोवर जाऊन येऊ." म्हणजे त्यांना कळलं आहे.

तेव्हा जायचंच. मी मोटार शिकायला लागले आहे. गियर बदलताना गाडी बंद पडते, पण येईल. नकाशा माझ्याकडे राहील.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत? मुलांना अभ्यासाला बसव, आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

शेजारचा धर्मा तिकडे गावी निघालाय, त्याच्या हाती दिलं: घराची जादा किल्ली एक, मुक्कामांची यादी एक, शोधायची वेळ आलीच तर यांचा गेल्याच आठवड्यात काढलेला फोटो एक.